कार्मेनेरचा अज्ञातवास

लाल वाइनच्या आस्वादनावर जे विपुल लेखन उपलब्ध आहे ते चिकाटीने वाचून काढले असता असे ध्यानात येते की, आस्वादकाला जे द्राक्ष परिचित असते त्याची चव त्याला पेल्याला ओठ लागण्यापूर्वीच कळलेली असते, आणि जे परिचित नसते त्याची चव त्या द्राक्षाचे नाव कोणीतरी कानात सांगेपर्यंत कळत नाही. काबर्ने सोव्हिन्यों म्हटले की ब्लॅककरंट, पिनो न्वार म्हटले की चेरी आणि पावसाळी रानातली माती, सिरा म्हटले की काळी मिरी, ही उत्तरे या क्षेत्रात तोंडपाठ असतात आणि ती न अडखळता म्हणता आली म्हणजे मनुष्य जाणकार ठरतो. अल्पपरिचित वाणाची वाइन पुढे आली म्हणजे मात्र जाणकारांच्या सभेत शांतता पसरते, दुसऱ्याने आधी बोलावे म्हणून प्रत्येक जण पेला पुन्हा एकदा घोळवतो, आणि अखेरीस कोणीतरी 'वेगळीच आहे' असा अभिप्राय देतो, जो नवकवितेला आणि व्याह्यांच्या घरच्या स्वयंपाकालाही तितकाच चालतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले कार्मेनेर हे द्राक्ष या बाबतीत आणखी एक पायरी पुढे गेलेले आहे, कारण जाणकारांनी ते वर्षानुवर्षे प्राशन केले, वाखाणले आणि त्याला गुणही दिले, परंतु ते सर्व दुसऱ्याच एका द्राक्षाच्या नावाने.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी आस्वादनाचा विधी समजून घेणे आवश्यक आहे. पेला दांडीला धरावयाचा असतो, कारण वाडगा हातात धरल्यास वाइन तापते आणि शिवाय धरणारा नवखा असल्याचे उघड होते. प्रथम दर्शन: पेला पांढऱ्या कापडासमोर तिरका करून कडेचा रंग पाहावयाचा, कारण कोवळी लाल वाइन कडेला जांभळट दिसते आणि वयस्क वाइन विटकरी होत जाते. त्यानंतर पेला गोल घोळवला असता काचेवरून जे थेंब सावकाश ओघळतात त्यांना वाइनचे अश्रू म्हणतात, आणि त्यांच्याकडे पाहून आस्वादक गंभीर होतो. वास्तविक या अश्रूंचे कारण लॉर्ड केल्व्हिन यांचे थोरले बंधू जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच सांगून ठेवले आहे: काचेवरील पातळ थरातून अल्कोहोल लवकर उडून जाते, त्यामुळे उरलेल्या द्रवाचा पृष्ठताण वाढतो, तो खालची वाइन वर ओढून घेतो आणि वर साचलेला भार अखेर थेंबांच्या रूपाने खाली येतो. म्हणजे अश्रूंवरून फार तर अल्कोहोलचा अंदाज येतो, गुणवत्तेचा येत नाही. तथापि अश्रू पाहिल्यावर मान हलवण्याची प्रथा या शोधानंतर दीडशेहून अधिक वर्षे अबाधित आहे.

पुढे नाक पेल्यात घालून वास घ्यावयाचा, मग लहान घोट तोंडात घेऊन त्यावरून 'सुर्र' असा आवाज करीत हवा ओढावयाची, म्हणजे गंधद्रव्ये घशाच्या मागच्या वाटेने नाकात पोहोचतात. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग प्रत्यक्षात वासच असतो, त्यामुळे चहा बशीत ओतून फुरक्या मारणारी जुनी पिढी शास्त्रदृष्ट्या योग्य मार्गावर होती असे म्हणावे लागते. सर्वांत शेवटी ती वाइन थुंकून टाकावयाची असते. ज्या महाराष्ट्रात सरकारी इमारतींच्या जिन्यांच्या कोपऱ्यांत देवादिकांच्या फरशा बसवून थुंकणाऱ्यांना आवरावे लागते, तेथील वाचकाला हे ऐकून नवल वाटेल की या सभेत थुंकण्यासाठी स्वतंत्र पात्र ठेवलेले असते, नेमक्या धारेत थुंकणाऱ्याचा दबदबा असतो, आणि जो गिळतो त्याच्याचकडे संशयाने पाहिले जाते.

यानंतरचा टप्पा शब्दांचा, आणि खरी पंचाईत तेथेच सुरू होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधिका अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये 'गंधचक्र' प्रसिद्ध केले, ज्याच्या आतल्या वर्तुळात फळे, फुले, वनस्पती, लाकूड, माती असे ढोबळ गट असून बाहेरच्या वर्तुळात त्यांचे बारकावे दिलेले आहेत. 'भारदस्त', 'सुसंस्कृत', 'कुलीन' अशी वर्णने कोणालाच पडताळून पाहता येत नाहीत, त्याऐवजी ज्याचा वास प्रत्येकाने प्रत्यक्ष घेतलेला आहे अशाच वस्तूंची नावे वापरावीत हा त्यामागचा हेतू अत्यंत स्तुत्य होता. परिणाम असा झाला की ओले कुत्रे, डिझेल, घोडा आणि भिजलेला पुठ्ठा यांना वाङ्मयात प्रवेश मिळाला. मराठी वाचकाची अडचण आणखी वेगळी आहे, ती अशी की या चक्रातील फळांपैकी निम्मी त्याने फक्त जॅमच्या बरणीवरील चित्रात पाहिलेली असतात, त्यामुळे वाइनमध्ये ब्लॅककरंट लागले की नाही हे सांगण्यापूर्वी ब्लॅककरंट कसे लागते हे त्याला वाइनवरूनच ठरवावे लागते. कार्मेनेरचा प्रश्न मात्र इतका अवघड नाही, कारण त्याची ओळख पटवणारा प्रमुख वास ढोबळी मिरचीचा आहे, आणि त्या बाबतीत मराठी नाक कोणत्याही फ्रेंच नाकाच्या तोडीस तोड आहे. तथापि त्याविषयी पुढे.

कार्मेनेर हे मूळचे फ्रान्समधील बोर्दो प्रांतातले काळे द्राक्ष. काबर्ने फ्रां आणि ग्रो काबर्ने या दोन वाणांच्या संकरातून ते उत्पन्न झाल्याचे जनुकीय तपासणीत दिसून आले आहे, म्हणजे घराणे उत्तम. पण तब्येत नाजूक. फुलोऱ्याच्या वेळी हवा गार व ओलसर राहिली तर फुले मणी न धरताच गळून जातात, घड विरळ येतो, आणि मालकाच्या हाती वेलाचे कौतुक तेवढे उरते. अशातच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. ही जेमतेम डोळ्यांना दिसणारी कीड मुळांवर बसून रस शोषते, हे माँपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्यांचे सहकारी यांनी १८६८ मध्ये शोधून काढले. त्यावरील तोडगाही अमेरिकेतूनच आला: तिकडच्या रानवेलीची मुळे या किडीला दाद देत नाहीत, म्हणून तिचा खुंट घेऊन त्यावर फ्रेंच वाणाचे कलम करावयाचे. (नाशिक-सांगलीकडचा बागायतदारही आज 'डॉगरिज' या अमेरिकी खुंटावरच कलम बांधतो, पण त्याचे दुखणे किडीचे नसून खारट जमिनीचे आणि कमी पाण्याचे आहे.) सर्व मळे नव्याने लावण्याची वेळ आल्यावर बोर्दोच्या शेतकऱ्याने साहजिकच लवकर पिकणारा, भरघोस घड देणारा मर्लो हा वाण पसंत केला आणि रुसव्याफुगव्याच्या कार्मेनेरला बोलावणेच धाडले नाही. फ्रान्समधून ते जवळजवळ नाहीसे झाले आणि त्याची जागा ग्रंथांत मृत वाणांच्या यादीत झाली.

परंतु या आपत्तीच्या आधीच, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, चिलीमधील श्रीमंत जमीनदारांना बोर्दोचे वेड लागलेले होते. सिल्व्हेस्त्रे ओचागाव्हिया यांनी १८५१ च्या सुमारास फ्रान्सहून वेल मागवले, इतरांनी त्यांचा कित्ता गिरवला, आणि त्या काड्यांच्या मोळ्यांत मर्लोसोबत कार्मेनेरही समुद्र ओलांडून आले. पूर्वेस अँडीज पर्वत, उत्तरेस आटाकामाचे वाळवंट, पश्चिमेस प्रशांत महासागर आणि दक्षिणेस बर्फ, अशा चतुःसीमेत राहणाऱ्या या देशात फायलोक्सेरा आजवर पोहोचलेली नाही. वेल सुखरूप राहिले, पण त्यांची नावे राहिली नाहीत. दोन्ही वाण एकाच मळ्यात शेजारी शेजारी लावले गेले, पाने साधारण सारखी, घड साधारण सारखे, त्यामुळे सगळ्यालाच मर्लो म्हणण्याचा प्रघात पडला. पांडवांना अज्ञातवास एकच वर्षाचा होता आणि तेवढ्यातही त्यांची पुरेवाट झाली. कार्मेनेरने विराटाच्या घरी शंभराहून अधिक वर्षे काढली आणि कोणी ओळखले नाही.

कोणीच ओळखले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मळ्यात राबणाऱ्या गड्यांना हे पक्के ठाऊक होते की या मर्लोतला काही मर्लो इतरांच्या मागून कित्येक आठवड्यांनी पिकतो आणि शरद ऋतूत त्याची पाने लालभडक होतात. त्यांनी त्याला पेउमो या गावावरून 'मर्लो पेउमाल' असे निराळे नावही दिले होते. परंतु गड्यांना वाइन-परीक्षक म्हणून कोणी बोलावत नाही, आणि परीक्षकांना मळ्यात छाटणीला कोणी बोलावत नाही, त्यामुळे ही माहिती एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जाण्यास काही पिढ्या लागल्या.

अखेर २४ नोव्हेंबर १९९४ रोजी माँपेल्ये येथीलच प्राध्यापक जाँ-मिशेल बूर्सिको हे सान्तियागो येथे भरलेल्या परिषदेच्या निमित्ताने मायपोच्या खोऱ्यातील व्हिन्या कार्मेन या मळ्यात फिरत असता मर्लो म्हणून दाखवण्यात आलेल्या वेलींपाशी थबकले आणि हा मर्लो नसून कार्मेनेर आहे असे त्यांनी सांगितले. (मळ्याचे नाव आणि वाणाचे नाव यांतील साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, १८५० मध्ये हा मळा स्थापन करणाऱ्याने पत्नीचे नाव त्याला दिले होते.) येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की बूर्सिको यांनी हे निदान करताना वाइनचा एक थेंबही चाखला नव्हता. त्यांचे शास्त्र म्हणजे वेलीचे पान, शेंडा, फुलोरा आणि मण्याची ठेवण यांवरून वाण ओळखण्याचे शास्त्र. पानाच्या पाळ्या एकमेकींवर किती चढतात, कोवळ्या शेंड्याखाली पांढरी लव आहे की तांबूस झाक आहे, असल्या प्रश्नांत या शास्त्राच्या उपासकाचे आयुष्य जाते. महाराष्ट्राला हे कौशल्य नवे नाही. थॉमसन सीडलेसच्या बागेत एखाद्या वेलीचा मणी इतरांहून लांबोडा निघाला की तेवढीच काडी बाजूला काढून वाढवणाऱ्या बागायतदारांनीच तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन असे वाण निवडून काढले आहेत, आणि आजही घडाकडे लांबून पाहून तो कोणत्या वाणाचा हे सांगणारा माणूस तासगावच्या बाजारात मिळणे कठीण नाही. थोडक्यात, वाण कोणता हा प्रश्न जिभेने सोडवण्याचा आग्रह धरला नसता तर तो बराच आधी सुटला असता.

निदान झाले, पण त्यामुळे चिलीच्या वाइन व्यवसायाची जी तारांबळ उडाली तिचे वर्णन करताना लेखणी थबकते. 'चिलीयन मर्लो' हा माल परदेशी बाजारात चांगला खपत होता, किफायतशीर होता, आणि तो मर्लोच्या इतर नमुन्यांपेक्षा थोडा निराळा लागतो याचे श्रेय समीक्षकांनी तेथील माती, हवा आणि अँडीजवरून उतरणारे गार वारे यांना देऊन टाकलेले होते. ते निराळेपण मर्लो नसण्याचे होते. व्हिन्या कार्मेनने पहिली बाटली बाजारात आणताना तिच्यावर कार्मेनेर असे न लिहिता 'ग्रांद व्हिद्यूर' हे याच वाणाचे एक जुने, विस्मृतीत गेलेले बोर्दोई नाव छापले, कारण कार्मेनेर नावाचे द्राक्ष चिलीच्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. त्याला अधिकृत मान्यता १९९८ मध्ये मिळाली, म्हणजे हजारो एकरांवर डोलणाऱ्या पिकाला आपण आहोत हे सिद्ध करण्यास चार वर्षे लागली. सरकारी कचेरीत हयातीचा दाखला मागितला गेलेल्या कोणाही निवृत्तिवेतनधारकाला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. जाता जाता नमूद करावयास हवे की याच देशात सोव्हिन्यों ब्लां म्हणून विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या वाइनपैकी पुष्कळशी सोव्हिन्योंनास या भलत्याच द्राक्षाची निघाली, तेव्हा दोष एकट्या लाल वाइनच्या आस्वादकांवर ढकलता येत नाही.

आता ढोबळी मिरचीकडे. तिच्या वासाचे मूळ आयसोब्युटिल-मेथॉक्सिपायराझिन या रेणूत आहे, तो ढोबळी मिरचीत असल्याचे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि नेमका तोच रेणू कार्मेनेरच्या कच्च्या मण्यातही असतो. म्हणजे 'वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो' हे विधान आस्वादकांच्या वाङ्मयातील दुर्मीळ अशा विधानांपैकी एक आहे जे अलंकारिक नसून अक्षरशः खरे आहे. मानवी नाक हा रेणू एक लिटर पाण्यात ग्रॅमच्या काही अब्जांश इतका असला तरी ओळखते. ढोबळी मिरचीची पीठ पेरून केलेली भाजी होत आली असता कढईवरचे झाकण काढल्यावर जी पहिली वाफ नाकाशी येते, तीत बेसनाचा खमंगपणा वजा केला की उरते ते अर्धवट पिकलेले कार्मेनेर. घड उन्हात पिकत गेला की हा रेणू कमी कमी होत जातो, परंतु कार्मेनेर मर्लोच्या मागून कित्येक आठवड्यांनी पिकते. आणि सगळाच मळा मर्लो समजून एकाच वेळी खुडला जात असल्याने पिंपात पडणारा निम्माअर्धा माल हिरवा असे. अशा रीतीने चिलीच्या मर्लोला भाजीचा वास येई, आणि कोणाला तो दोष वाटे, कोणाला वैशिष्ट्य.

नाव बदलल्यावर जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. मर्लोच्या पेल्यात जो वास 'हिरवट' म्हणून खटकत होता तोच कार्मेनेरच्या पेल्यात 'वाणाचे अस्सल लक्षण' ठरला, आणि पूर्वी ज्यांना मर्लोतले आलुबुखार स्पष्ट जाणवत असे त्यांना आता त्याच जागी काळी मिरी, कोको आणि सोया सॉस जाणवू लागले. निर्मात्यांची दिशा नेमकी उलट होती. खुडणी एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात ढकलावी, घडांवर ऊन पडावे म्हणून पाने विरळ करावीत, अशा उपायांनी त्यांनी मिरचीला हळूहळू हुसकावून लावले, आणि पेउमोसारख्या ठिकाणी उत्कृष्ट, गडद, मऊ टॅनिनची वाइन होऊ लागली. टॅनिन म्हणजे साल व बिया यांतून उतरणारी, जीभ आवळून धरणारी द्रव्ये. चांगल्या वर्षीचे पिकलेले कार्मेनेर हे खरोखर आल्हाददायक पेय आहे यात शंका नाही. फक्त त्यात मिरची इतकी क्षीण झालेली असते की अस्सल लक्षण शोधणाऱ्यांची पुन्हा निराशा होते.

या सर्व प्रकारात आस्वादकांची बाजू घेणे हे न्यायबुद्धीचे काम आहे, पण पुरावा त्यांना साथ देत नाही. बोर्दो येथे फ्रेदेरिक ब्रोशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाइन ठेवली, आणि तीच वाइन बिनवासाच्या तांबड्या रंगाने रंगवून दुसऱ्या पेल्यातही ठेवली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात रंगवलेल्या पेल्याचे वर्णन लाल वाइनला शोभणाऱ्या शब्दांत झाले. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन यांनी राज्य मेळाव्याच्या परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन न सांगता तीन वेळा दिली, तेव्हा तिन्ही वेळा सारखे पदक देण्याइतके सातत्य सुमारे एक दशांश परीक्षकांना दाखवता आले. गुण देण्याची जी शतमानाची पद्धत अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्यामुळे रूढ झाली, तिच्यात मोजणी ५० पासून सुरू होते, म्हणजे बाटलीत काही द्रव आहे एवढ्यावरच वाइन अर्धी परीक्षा देऊन बसते. हे धोरण आपल्या शिक्षण मंडळांच्या नजरेतून अद्याप कसे सुटले हे कोडेच आहे.

चिलीची मंडळी एकाकी नाहीत. उत्तर इटलीत काबर्ने फ्रां म्हणून लावलेल्या कित्येक वेली १९९० च्या सुमारास कार्मेनेर निघाल्या, आणि चीनमध्ये विसाव्या शतकापासून मानाने मिरवणारे 'काबर्ने गेर्निश्ट' हे द्राक्षही जनुकीय तपासणीत तेच ठरले. चिलीत मात्र या चुकीचे आता सणात रूपांतर झाले असून २४ नोव्हेंबर हा कार्मेनेर दिन म्हणून साजरा होतो, आणि त्या दिवशी पेले घोळवून लोक मर्लोपेक्षा हे किती निराळे लागते याची चर्चा करतात.

मुंबई-पुण्याच्या दुकानांत चिलीचे कार्मेनेर अधूनमधून दिसते आणि त्याच्या किमतीचा आकडा मूळ देशातील गिऱ्हाइकाला घेरी आणील असा असतो, कारण आयात वाइनवर भारतात दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क राहिलेले आहे आणि राज्याचे कर त्यावर निराळे. ग्राहकाने यामुळे खंतावण्याचे कारण नाही. हिल्के प्लासमन, अँटोनियो रँजेल आणि सहकारी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली असता, महाग सांगितलेली वाइन पिणाऱ्यांना अधिक आवडली. इतकेच नव्हे तर मेंदूतील सुखाशी संबंधित भागाची हालचालही तेव्हा वाढलेली दिसली, म्हणजे हे कौतुक तोंडदेखले नव्हते. या निष्कर्षाचा सरळ अर्थ लावल्यास न्हावा-शेवा बंदरात उतरलेली बाटली सान्तियागोत मागे राहिलेल्या तिच्या जुळ्या बहिणीपेक्षा कितीतरी पटींनी चविष्ट असली पाहिजे, आणि पाने विरळ करून, मे महिन्यापर्यंत वाट पाहून चिलीच्या निर्मात्याला जे साधले नाही ते सीमाशुल्क अधिकाऱ्याने एका शिक्क्यात साधले, असे म्हणणे भाग पडते. त्याचे नाव मात्र लेबलावर अजून तरी छापले जात नाही.